आयर्विन पुलाला पाणी ४० फूट झालं की डिकीत काय असावं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरामुळे आम्ही सांगलीतलं गावभागातलं घर सोडलं, तेव्हा गाडीच्या डिकीत काय काय होतं याची यादी बायकोने नंतर जरा रागातच लिहून काढली. लोणच्याच्या दोन बरण्या. लग्नातल्या साड्यांची सुटकेस. मिक्सर. फडक्यात बांधलेले देव. मुलाची बॅट. काय नव्हतं, तर आण्णांची कवळी, त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि एकाही फोनचा चार्जर. पुढचे चार दिवस आण्णा विश्रामबागेतल्या मेहुण्याकडे दुधात भाकरी कुस्करून खात होते आणि समोर लोणच्याच्या बरण्या होत्या.

असं होतं, कारण घाईत माणूस डोक्याने सामान भरत नाही, जे हाताला लागेल ते भरतो. शिवाय आमच्या गल्लीत सगळ्यांचाच एक भरवसा होता: २००५ चं पाणी. त्या वर्षी सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ ५३ फुटांच्या आसपास गेलेली कृष्णा आमच्या पायरीला टेकून मागे फिरली होती. त्यामुळे २०१९ ला ‘इथवर काही येत नाही’ म्हणत लोक सामान माळ्यावर टाकत बसले. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुन्या पुराची रेघ एवढंच सांगते, की त्या वर्षी पाणी तिथवर आलं होतं. पुढच्या वर्षाबद्दल ती काही सांगत नाही.

तेव्हापासून गाडीत काय ठेवायचं याचा मी बराच विचार केला. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट सामानाची नाही, वेळेची आहे. पिशवी तयार नसली की माणूस निघायचा निर्णयच पुढे ढकलतो. ‘अजून कागदपत्रं शोधायचीत’ म्हणत दोन तास जातात, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी येतं. भरलेली पिशवी तुम्हाला जगवते ती पुढची गोष्ट. आधी ती तुम्हाला रस्ता उघडा असेपर्यंत घराबाहेर काढते.

हा वेळ प्रत्येक गावाला सारखा मिळत नाही. सांगलीकरांना तसा बरा मिळतो. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं आणि मग खाली उतरतं. धरणाचा विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट), हे रेडिओवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच कळतं. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापूरकर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे बघतात: तिथे ३९ ला इशारा, ४३ ला धोका. सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड इथल्या लोकांना तर ४० चीही वाट बघायची नसते, त्यांचं पाणी आधीच दारात असतं. चिपळूणचं मात्र वेगळं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून चढलं आणि लोक जागे झाले तेव्हा खालच्या गाड्या तरंगत होत्या. घाटावरून धो धो उतरणारं पाणी आणि खाडीची भरती एकाच वेळी गाठ घालतात, तिथे ‘आकडे बघून निघू’ चालत नाही. अशा गावात पिशवी जूनपासून भरलेलीच हवी आणि मुसळधार पाऊस असेल त्या रात्री गाडी चढावर लावलेली हवी.

आता सामानाकडे येऊ. बहुतेक याद्यांत पन्नास वस्तू एकाखाली एक लिहिलेल्या असतात आणि वाचून माणूस दमतो. मी एकच प्रश्न विचारतो: ही वस्तू मला नेमकी कुठे लागणार आहे? उत्तरं तीनच निघतात. गाडी सोडून पायी निघावं लागलं तर. गाडीत अडकून बसावं लागलं तर. आणि नातेवाइकांकडे किंवा निवारा केंद्रात पोचल्यावर. पहिल्याचं सामान पाठीवर, दुसऱ्याचं सीटवरून हात पोचेल तिथे, तिसऱ्याचं डिकीत. बहुतेक लोक सगळंच डिकीत कोंबतात आणि त्यावर सुटकेस ठेवतात. मग टॉर्च हवा असेल तर भर पावसात उतरून अख्खी डिकी रिकामी करायची.

पाठीवरची पिशवी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती छोटीच हवी. शाळेचं दप्तर चालतं. ती भरताना गाडी वाटेत कुठेही सोडावी लागेल असंच धरून चाला. त्यात औषधं आठवड्याची, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या फोटोसकट. चष्म्याची जुनी जोडी. कवळीची डबी (हे मी कधीच विसरणार नाही). कानाच्या मशीनचे सेल. इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत साध्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकतं, पण उन्हात तापलेल्या बंद गाडीत टिकत नाही. म्हणून ते डिकीत नाही, अंगाबरोबर.

कागदपत्रांचा लोक उगाच फार धसका घेतात. आधार, लायसन्स, आरसी डिजिलॉकरमध्ये चालतात, सातबारा ऑनलाइन पुन्हा निघतो. जे पुन्हा मिळवायला महिने जातात तेवढंच उचला: मूळ खरेदीखत, दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं, पासपोर्ट, विम्याची पॉलिसी, बँकेची पासबुकं. झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत घाला, ती दुसऱ्या पिशवीत घाला. सगळ्याचे फोटो काढून परगावच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. तुमचा फोन पाण्यात गेला तरी त्याचा जाणार नाही.

आणि रोकड. वीज गेली की एटीएम बंद, टॉवर गेला की यूपीआय बंद. दोन-तीन हजार रुपये, पण सगळे शंभराच्या आणि पन्नासच्या नोटांत. पाचशेची नोट सुट्टी करून द्यायला त्या दिवशी कोणी बसलेलं नसतं. एका कागदावर पाच-सहा फोन नंबर बॉलपेनने लिहून ठेवा. फोन बंद पडला की स्वतःच्या बहिणीचा नंबरही आठवत नाही, हे तेव्हाच कळतं. त्यातच ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ लिहा, महामार्गावर अडकलात तर १०३३.

गाडीत हाताशी ठेवायचं ते थोडंच. पाणी, टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक आणि चार्जरची वायर, एक जाड टॉवेल, छत्रीऐवजी रेनकोट (छत्री धरली की हात अडकतो), ओआरएसची पाकिटं, लहान मूल असेल तर डायपर, बायकांसाठी सॅनिटरी पॅड. टॉर्च डोक्याला बांधायचा मिळाला तर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइलच्या टॉर्चवर भिस्त ठेवू नका, तो फोनची बॅटरी खातो आणि त्या रात्री फोन टॉर्चपेक्षा मोलाचा असतो.

खाण्याची तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची तयारी आहे. पंढरीच्या वाटेवर जी शिदोरी चालते ती इथेही चालते: दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, चिवडा. बटाट्याची भाजी नको, दमट हवेत संध्याकाळपर्यंत तिला वास येतो. झटपट नूडल्सची पाकिटं लोक हमखास उचलतात, पण ती शिजवायला गॅस लागतो हे आठवत नाही. दशम्या-धपाटे निघायच्या दिवशी कोणी करत बसणार नाही, म्हणून कोरडं सामान जूनपासून डब्यात ठेवायचं आणि महिन्याने खाऊन बदलायचं. आमच्याकडे हा डबा बदलायची पाळी मुलाने आनंदाने पत्करली आहे.

पाण्याचा हिशेब मात्र वजनाचा आहे. माणसामागे दिवसाला ३ लिटर धरलं तर पाच जणांना दोन दिवसांना ३० लिटर, म्हणजे ३० किलो. इथे गाडीची क्षमता आठवायला हवी. लहान हॅचबॅक माणसांसकट साधारण ४०० ते ४५० किलो वाहते, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पाच मोठी माणसं म्हणजे ३२५-३५० किलो तिथेच संपले. उरलेल्या ८०-१०० किलोत सगळं. म्हणून मी १० लिटर पाणी नेतो आणि मेडिक्लोरची (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या थेंबांची) बाटली ठेवतो. मिळेल ते पाणी गाळून, बाटलीवर लिहिलेले थेंब टाकून अर्धा तास थांबायचं.

सीएनजी गाडीवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. डिकीत टाकीच बसलेली असते, उरते ती दोन पिशव्यांची जागा, आणि बऱ्याच गाड्यांत स्टेपनी काढायची तर आधी ते सगळं बाहेर काढावं लागतं. अशी गाडी असेल तर पोचल्यावर लागणारं, डिकीतलं सामान निम्मं करा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेट्रोल. सीएनजीवर चालवायची म्हणून लोक पेट्रोलचा काटा वर्षभर लालवर ठेवतात. महामार्ग बंद पडला की टँकर येत नाहीत. २०१९ ला पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला तेव्हा कोल्हापुरात पंपांवर रांगा लागल्या होत्या. सीएनजीचे पंप तर मुळातच मोजके. पावसाळ्याचे चार महिने पेट्रोलची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ. कॅनमधून पेट्रोल गाडीत मात्र अजिबात नेऊ नका. बंद गाडीत त्याची वाफ साचते, आणि एखाद्या ठिणगीला तेवढं पुरतं.

डिकीत उरलं ते असं: दोन दिवसांचे कपडे, प्रत्येकाचे वेगळ्या पिशवीत. दोन चादरी. एक ताडपत्री. नायलॉनचा १०-१५ मीटर दोर. गमबूट किंवा जुने बंद बूट, कारण पुराच्या पाण्यात काच, पत्रा, साप काहीही असतं आणि लेप्टो या तापाचे जंतू पायाच्या चिरेतून शिरतात. जॅक, पाना, आणि हवा भरलेली स्टेपनी. ‘हवा भरलेली’ हे दोन शब्द मुद्दाम लिहिले. आत्ता खाली जाऊन स्टेपनी दाबून बघा.

पण हे सगळं घेऊन निघालेली गाडी बुडते ती बहुतेकदा एकाच चुकीने: ‘एवढ्याशा पाण्यातून जाईल की.’ या एवढ्याशाचा हिशेब करून बघू. लहान गाडीचा तळ साधारण ६ चौरस मीटरचा. पाणी त्या तळाच्या वर १० सेंटिमीटर चढलं की गाडी ६०० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे पाणी तिला ६०० किलोच्या जोराने वर उचलतं. गाडीचं वजन १००० किलोच्या आसपास. म्हणजे तळाच्या वर १६-१७ सेंटिमीटर पाणी आलं की चाकांवर वजनच उरत नाही. तळ मुळात रस्त्यापासून १६-१७ सेंटिमीटर उंच. बेरीज केली तर सव्वा फूटही होत नाही. भरलेल्या गाडीला थोडं जास्त लागेल, पण तरंगायच्या कितीतरी आधीच चाकांची पकड सुटते आणि वाहतं पाणी तिला आडवं ढकलू लागतं. मोठ्या एसयूव्हीला दोन फूट वाहतं पाणी पुरतं. शिवाय पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. हवा आत ओढणाऱ्या नळीतून पाणी सिलेंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च इंजिन बदलण्यापर्यंत जातो. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराचं काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीतही पाण्यात गाडी चालू करून झालेलं इंजिनचं नुकसान बहुधा वगळलेलं असतं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पावसाळ्याआधी पॉलिसीत तेवढी एक ओळ शोधा.

आणि पाणी गाडीच्या दाराशी आलं तर सामान विसरा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. बाहेर पाणी चढलं की दार दाबून धरल्यासारखं उघडत नाही, आणि विजेवर चालणारी काच पाणी शिरल्यावर कधी बंद पडेल याचा नेम नसतो. म्हणून क्रम असा: पट्टा काढा, काच खाली करा, बाहेर पडा. मुलांना आधी काढा. काच अडकली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायचं, मध्यभागी नाही. समोरच्या काचेवर वेळ घालवू नका, तिच्यात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण सांडत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच येतात. काचेच्या कोपऱ्यातल्या बारीक शिक्क्यात ‘टेम्पर्ड’ की ‘लॅमिनेटेड’ ते लिहिलेलं असतं. काच फोडायची छोटी हातोडी दोन-तीनशे रुपयांत मिळते. ती ड्रायव्हरच्या हाताशी हवी, ग्लोव्ह बॉक्समध्ये बिलाच्या कागदांखाली नको.

घर सोडताना शेवटची पाच मिनिटं घरासाठी. मेन स्विच बंद. गॅसचा रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावायची आणि टाकी साखळीने किंवा दोराने ग्रिलला बांधायची. भरलेल्या घरगुती टाकीचं वजन ३० किलोच्या आसपास, पण ती त्याहून जास्त पाणी बाजूला सारते, म्हणून रिकामीच काय, भरलेलीसुद्धा तरंगते आणि घरभर आपटत फिरते. प्रत्येक खोलीचा मोबाइलवर एक व्हिडिओ काढा, कपाटं उघडी करून. पंचनाम्याच्या वेळी ‘फ्रिज होता का’ या प्रश्नाला तेच उत्तर असतं. जनावरं असतील आणि नेता येत नसतील तर दावं सोडा. गोठ्यात बांधलेल्या म्हशीला पोहता येऊन उपयोग नसतो. खरं तर जनावरं आधी हलवायची असतात, ट्रॉलीतून, रस्ता कोरडा असतानाच. शिरोळकडचे शेतकरी ते जाणतात, शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या मालकांना मात्र पट्टा आणि पिंजरा शोधायला अर्धा तास लागतो.

आमच्या घरी १ जूनला पिशव्या उघडतात. मागच्या वेळी मुलाची पँट गुडघ्याच्या वर आली, दोन औषधांची तारीख गेलेली निघाली आणि पॉवर बँक पूर्ण उतरलेली होती. एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत नव्हती, ती बायकोने काढली: पाणी दुपारी चढलं आणि गाडी चालवणारा एकटा माणूस ऑफिसात मिरजेला असला तर? तिने लगेच गाडी शिकायला सुरुवात केली. तोवर दुसरी किल्ली देवघराच्या खिळ्याला आहे, आणि शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगून ठेवलं आहे. त्याला आमच्या बोळातून रिव्हर्स घेताना घाम फुटतो, म्हणून जूनपासून गाडी रस्त्याकडे तोंड करूनच लावतो.